खडखड कुणाची, पाना कुणाचा

गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने खडखड येते, यावर घरात दोन मतं नव्हती. पुढे काय करायचं यावर होती आणि थोडीफार अजूनही आहेत. भाची विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. कागद पुरता वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही कचेरीतली सवय ती घरीही आणते. मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. उभा जन्म बसच्या कमानपाट्यांखाली गेला. कुणालाही वाटेल की पाना हातात घ्यायची खुमखुमी मामांना असणार आणि भाची गॅरेजला फोन लावत असणार. आमच्याकडे उलटं होतं. गाडी जुनी, साधी हॅचबॅक. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, माउंटिंग, लिंक, बुश असा १९ हजारांचा अंदाज कागदावर काढून दिला होता. वाद त्या कागदावरून पेटला. मधे बसलेला मी एकीचा बाप आणि दुसऱ्याचा दाजी, तेव्हा तटस्थ होतो असं म्हणत नाही.

भाची : पाच मिनिटं गाडी चालवून १९ हजार? मामा, कुठला भाग वाजतोय ते त्याला कळलेलंच नाही. म्हणून तर सगळेच लिहिलेत.

मामा : नसेल कळलं. पण त्याच्या जागी बसून बघ. त्याने एकच लिंक बदलून दिली आणि आवाज राहिला, तर तू परवा परत येणार, चारचौघांत त्याचं नाव घेणार. दुसऱ्यांदा खोलायची मजुरी मागितली तर भांडणार. म्हणून एकदाच सगळं. ती लबाडी नाही, धास्ती आहे.

भाची : त्याच्या धास्तीचे पैसे मी का भरायचे?

मामा : कारण धास्ती तुम्हीच घातलीत. आमच्याकडे बस यायची तेव्हा ड्रायव्हरचा शेरा असायचा, ‘पुढून आवाज येतो’. बस, एवढंच. मग त्याला बोलावून घ्यायचं. कधी येतो? भरल्या गाडीत की रिकाम्या? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? निम्मं काम तिथे व्हायचं, गाडीखाली न जाता. गॅरेजात गिऱ्हाईक चावी टाकतं आणि ऑफिसला पळतं. विचारायचं कुणाला?

भाची : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. ही गाडी रोज मी चालवते. हा आवाज माझ्याइतका कुणी ऐकलेला नाही.

मामा : ऐकण्यापुरती तुझी बाजू. पाना अजून दिलेला नाही.

इथपर्यंत मला मामांचं पटलं. आवाज शोधायला लागतो वेळ, आणि गॅरेजात वेळ सगळ्यांत महाग असतो. मालकाकडे तो फुकट असतो. शिवाय सकाळी गार गाडीत येणारा आवाज दुपारी गॅरेजात पोचेपर्यंत गायब झालेला असतो, हा अनुभव कुणाला नाही?

मामा : टायरची हवा बघितलीस? ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर आकडा असतो. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट भरून देतो. हवा जास्त झाली की टायर कडक होतं, रस्त्यावरचा खडान्‌खडा आत कळतो.

भाची : बघितली. जास्त होती, कमी केली. आवाज तसाच.

मामा : डिकी रिकामी केलीस?

भाची : डिकीचा काय संबंध? आवाज पुढून येतो.

मामा : पत्र्यातून आवाज कुठूनही कुठेही जातो. उजवीकडचा डावीकडे ऐकू येतो, खालचा डॅशबोर्डातून. जॅक, त्याचं हँडल, स्टेपनी आवळायचा बोल्ट, सगळं बाहेर काढ. मागच्या सीटबेल्टांची बकलं लावून टाक. नंबरप्लेट हलवून बघ. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर सर्व्हिसिंगनंतर दोनच क्लिपांवर लोंबत असतं, ते बघ. एवढं झाल्यावर सस्पेन्शनचं नाव काढ.

डिकीतून दोन विटा, एक मोडकी छत्री आणि माझा हरवलेला जेवणाचा डबा निघाला. पुढची खडखड तसूभरही कमी झाली नाही. मागून एक बारीक टकटक येत होती, तिची कुणी दखलच घेतली नव्हती, ती मात्र थांबली.

भाची : आता माझं ऐका. मी आठवडाभर लिहून ठेवलंय. मोठ्या रस्त्यावरचा स्पीडब्रेकर, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा, दोन्ही चाकं एकदम चढतात. तिथे आवाज नाही. मंदिराजवळ गटाराचं झाकण खचलंय, तिथे फक्त डावं चाक उतरतं. तिथे हमखास खडखड. वेग वीसच्या आत असला तर जास्तच. हायवेला काही नाही.

मामा : (जरा सरसावून) हे गॅरेजवाल्याला सांगितलंस?

भाची : त्याने विचारलं नाही.

मामा : सांगायचं असतं, पोरी. अगं, हे तर जंपिंग रॉडच्या लिंकचं लक्षण आहे. दोन्ही पुढच्या चाकांमधे एक आडवी सळई असते, वाकवलेली. तुमच्या पुस्तकात स्टॅबिलायझर बार. तिची दोन्ही टोकं लिंकने एकेका चाकाच्या बाजूला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली की सळई आपल्या रबरात नुसती फिरते, लिंकवर भार येतच नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की सळईला पीळ पडतो आणि तो सगळा भार लिंकच्या इवल्याशा गोळ्यावर. गोळा झिजला असेल तर तो आपल्या वाटीत आपटतो. तीच तुझी खडखड.

माझ्या मते या सगळ्या वादातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच. तिला ना जॅक लागतो, ना पाना. फक्त एक सरळ, रस्ताभर पसरलेला गतिरोधक लागतो, आणि आपल्याकडे तोच मिळणं कठीण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीतला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आहेत त्या पिवळ्या-काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वीतभर रुंदीच्या आणि मधल्या दोन उखडलेल्या. लोक त्या फटीतून एक चाक घालतात आणि शॉकअप वाचवले म्हणून खूश होतात. वाजतात मग लिंका.

भाची : म्हणजे १९ हजारांतली एकच ओळ खरी.

मामा : घाई करू नकोस. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ब्रेक नुसता टेकवून बघितलास? आवाज थांबला तर लिंक नाही, ब्रेकचा कॅलिपर किंवा पॅड सैल वाजतायत.

भाची : टेकवला. थांबला नाही.

मामा : रिव्हर्स घेऊन ब्रेक मारल्यावर? मग पुढे घेऊन परत ब्रेक?

भाची : तिथे एक धप्प येतं. एकदाच. दर वेळी नाही.

मामा : बघ. ते लिंकचं नव्हे. लोअर आर्मचा मागचा बुश असेल नाहीतर इंजिनचं माउंटिंग. म्हणजे त्याच्या कागदात आणखी एखादी ओळ खरी निघू शकते.

बाकीचे आवाज मामांनी भराभर निकालात काढले. वेगाबरोबर चढत जाणारी घुंई, जी वळणावर कमी-जास्त होते, ती चाकाच्या बेअरिंगची. पूर्ण स्टिअरिंग वळवून जोर दिल्यावर कटकट वाजतं ते एक्सलच्या जॉइंटचं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टण्‌कन स्प्रिंग सुटल्यासारखं होतं ते स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचं. एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर तळवा ठेवायचा, म्हणजे हाताला झटका कळतो.

आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमधून ती मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली, आणि आपल्याकडे डिसेंबर १९८३ पासून मारुती ८००ने ती घरोघरी पोचवली. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळण्याचा आस, तिन्ही एकाच खांबात. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च. पण त्या खांबाचं वरचं टोक थेट गाडीच्या पत्र्याला टेकतं, त्यामुळे खालची कुरबुर सरळ डॅशबोर्डाखाली येऊन बोलते. आधीच्या फियाट-अँबेसिडरही वाजायच्याच, पण आपण ऐकत नव्हतो. खिडक्या उघड्या असायच्या.

भाची : मग ठरलं. रविवारी दोन्ही लिंका मी बदलते. भाग नाना पेठेत मिळतो, दोन्हींचे मिळून फार होत नाहीत. अलाइनमेंटही हलत नाही. आवाज गेला की संपलं.

मामा : इथेच तुझं-माझं बिनसतं. तू आवाज शोधतेस. मी प्ले शोधतो, सांध्यातला ढिलेपणा.

भाची : एकच की.

मामा : मुळीच नाही. लिंक डबा बडवल्यासारखी वाजते आणि समजा तुटली, तर गाडी वळणावर जरा जास्त कलेल, एवढंच. लोअर आर्मचं टोक चाकाला जोडणारा बॉल जॉइंट बिचारा कधी कधी शेवटपर्यंत गप्प असतो. त्याच्या रबराला चीर जाते, पाणी शिरतं, ग्रीस जातं, आतला गोळा झिजत राहतो. आणि एके दिवशी सुटला की चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, स्टिअरिंग हातात राहतं आणि गाडी आपल्या मनाने जाते. आवाज मोठा म्हणून धोका मोठा, असं गाडीत नसतं. तू आवाज बंद करून निवांत बसशील, मला त्याची भीती.

भाची : आणि गॅरेजवाला काय शोधतो? त्याने एक चाक उचललं, लिंक हलवली, म्हणाला लिंक ठीक आहे, तरी कागदात लिहिलीच. मी तिथेच उभी होते.

मामा : (हसून) एक चाक उचललं की दुसरं खालीच राहतं ना? मग त्या सळईला पीळ बसलेला असतो. लिंक ताणून धरलेली असते, तिचा प्ले दिसणारच नाही. दोन्ही चाकं सारखी उचल, नाहीतर दोन्ही जमिनीवर ठेव. सगळ्यांत सोपं म्हणजे गाडी सपाटीला उभी कर, हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, इंजिन बंद. त्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेव, म्हणजे चाकामागे हात जातो. लिंक मुठीत धर आणि जोरात हलव. झिजलेली असेल तर हाताला टकटक लागते. नाहीच कळलं तर लिंकच्या गोळ्यावर बोट ठेव आणि दाजींना गाडी बाजूने हलवायला सांग.

गाडी मी हलवली. डावीकडची लिंक भाचीच्या बोटाला कळली, मग मामांच्या बोटाला, मग हट्टाने माझ्याही.

भाची : आणखी एक पडताळा वाचला होता मी. दोन्ही लिंका काढून टाकायच्या आणि सोसायटीतच हळू चालवून बघायचं. आवाज गेला तर पक्कं.

मामा : तुझ्या गाडीत चालेल, कारण तिच्यात लिंक वेगळी आहे. काही जुन्या छोट्या गाड्यांत ती सळई थेट लोअर आर्ममधे घुसवलेली असते आणि आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचं काम तीच करते. तिथे ती सोडलीस तर चाकच मागे जाईल. गाडीची रचना बघितल्याशिवाय कुणाचा पडताळा उचलायचा नाही.

जॅकचा विषय निघाला तेव्हा मामांचा आवाज बदलला. इथे त्यांनी वाद घातला नाही, हुकूम दिला. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलायला. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं तर सोडाच, हातसुद्धा घालायचा नाही. घोडी, म्हणजे जॅक-स्टँड, दोन हव्यातच, आणि त्या कुठे टेकवायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघून. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. आमच्या पार्किंगमधे पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांच्यावर घोडीचा पाय रुततो, तेव्हा खाली जाड प्लायवुड. तळघरातल्या उतारावर तर कामच काढायचं नाही. उचलल्यावर गाडी हाताने गदगदा हलवून बघायची. पडायची असेल तर आपण बाहेर असताना पडू दे, हे त्यांचं म्हणणं. मला यात वादाला जागा दिसत नाही. ज्याला घोड्यांवर खर्च करायचा नाही, त्याने गॅरेजला जावं.

भाची : मान्य. पण एवढं केल्यावर लिंक बदलणं म्हणजे दोन नट.

मामा : दोन नट! गंजलेला नट फिरवायला गेलीस की आतला गोळाही त्याच्याबरोबर गरागरा फिरतो, नट सुटतच नाही. गोळ्याच्या दांड्याच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते, नाहीतर मागे पान्यासाठी चपट्या बाजू. ते धरून मग नट फिरवायचा. आदल्या रात्री गंजावर फवारा मार. खाच गुळगुळीत झाली की ग्राइंडरने कापावं लागतं, आणि सोसायटीत ग्राइंडर चालवलास की सेक्रेटरी येतो.

भाची : मी आत्ताच फवारा मारते. आणि नवीन नट वापरणार. आत नायलॉनचं कडं असतं त्याची पकड एकदा काढला की कमी होते. टॉर्क रेंच मैत्रिणीकडून आणलाय, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळणार.

मामा : आम्ही हातानेच ओळखायचो.

भाची : तुम्ही तीस वर्षं केलंत म्हणून ओळखायचात. माझ्या हाताला तीस वर्षं नाहीत, म्हणून रेंच.

मामांनी यावर चहा मागितला. हा त्यांच्यापुरता होकार असतो.

मामा : बरं, लिंक कर. पण लोअर आर्मला हात लावायचा नाही. धप्प आवाज आला तरी नाही.

भाची : का? ते तीन-चार बोल्टांचं काम आहे. बुश दाबून बसवायला प्रेस लागतो हे मला ठाऊक आहे. मी अख्खा आर्मच नवीन आणेन, बुश आणि बॉल जॉइंटसकट.

मामा : आणि बसवशील कसा?

भाची : इथे मी तुम्हाला विचारते. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचा आर्म गॅरेजात बदलला. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि बोल्ट तिथेच वर हवेत पूर्ण आवळले. बरोबर आहे?

मामा : ... नाही.

भाची : का नाही ते बाबांना सांगा. मला ठाऊक आहे.

मामा : दाजी, या बुशात मधे लोखंडी नळी असते आणि रबर तिला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी जागेवर जाम होते. मग आर्म वर-खाली होतो तो रबराला पीळ देऊन. गाडी जमिनीवर उभी असताना रबर बिनपिळाचं असायला हवं. हवेत आवळलं तर आर्म खाली लोंबत असताना ते बिनपिळाचं, आणि गाडी खाली टेकली की कायमचं पिळलेलं. पुढे खड्डा आला की आणखी पीळ. चार-पाच वर्षं टिकायचा तो वर्षात फाटतो. म्हणून बोल्ट नुसते बोटाने लावायचे आणि शेवटचं आवळणं वजन चाकावर आल्यावर. चढणीचे रॅम्प असतील तर त्यांच्यावर चढवून. नाहीतर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक देऊन गाडी घोडीवरून केसभर उचलेपर्यंत.

भाची : बघा! हे गॅरेजवाला करत नाही, कारण दहा मिनिटं जास्त लागतात. मी करेन, कारण मला घाई नाही. घरी काम करायचं ते पैसे वाचवायला नाही, मामा. नीट व्हावं म्हणून.

मामा : नीट होण्यासाठी नुसती इच्छा पुरत नाही. बॉल जॉइंट चाकाच्या बाजूला ज्या बोल्टाने धरलेला असतो, तो त्याच्या खाचेतून गेला नाही तर वरून आवळल्यासारखा दिसतो आणि रस्त्यावर सुटतो. हे शिकलेल्या पोरांकडूनही झालेलं मी बघितलंय. लिंक चुकलीस तर परत वाजेल. हा बोल्ट चुकलीस तर... मी पुढचं बोलत नाही.

इथे मला दोघंही बरोबर वाटले, पण सारखेच नव्हे. भाचीचा मुद्दा गॅरेजच्या घाईबद्दल आहे आणि तो खरा आहे. मामांचा मुद्दा चूक झाली तर मोजायच्या किमतीबद्दल आहे आणि तो जास्त वजनदार आहे. भाग सोपा की अवघड हे बघून पाना कुणी धरायचा ते ठरवू नये. तो भाग रस्त्यात दगा देईल तेव्हा काय होईल, ते बघून ठरवावं. लिंक काढणं कधी कधी लोअर आर्मपेक्षा जास्त घाम काढतं, तरी ती घरी चालते.

भाची : आणि स्ट्रट? शॉकअप बदलायचे झाले तर?

मामा : ते नाव काढू नकोस. त्या स्प्रिंगला कॉम्प्रेसरने आवळतात तेव्हा तिच्यात काही शे किलोचा जोर कोंडलेला असतो. भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरचा आकडा घसरला तर ती थेट तोंडावर येते. आणि मुळात शॉकअप गेलेत हे कुणी ठरवलं? त्याने बॉनेट दाबलं आणि म्हणाला गेले, असंच ना?

भाची : हो. कोपरा दाबला, सोडला, गाडी वर आली आणि थांबली. तरी म्हणाला गेले.

मामा : वर येऊन थांबली म्हणजे पास. दोन-तीनदा झुलली असती तर नापास. पास झाला म्हणून अगदी नवा आहे असंही नाही, पण बदलायला आणखी काहीतरी पुरावा लागतो. अंगावर तेलाचा ओलसर थर, नुसती धूळ बसलेली नव्हे, ओघळ. नाहीतर टायरवर तळवा फिरव, खळगे-उंचवटे लागतात का बघ. यातलं काहीच नसेल तर ते दोन शॉकअप आपल्या जागी बरे आहेत. आवाज आला की पहिला बळी शॉकअपचा, हे जुनंच आहे.

म्हणजे अंदाजातला सगळ्यांत मोठा आकडा मामांनीच खोडला. ज्या गॅरेजवाल्याची त्यांनी बाजू घेतली होती, त्याच्याच कागदावर. भाचीने ते मोठ्याने म्हणून दाखवलं नाही, ही तिची समज.

एका बाबतीत मात्र ती जिंकली आणि मामांना ते जड गेलं. तिच्या गाडीच्या मागच्या चाकाकडून पावसाळा सरला की करकर यायची आणि गाडी धुतली की दोन दिवस बंद व्हायची.

मामा : ऑइल सोड त्याच्यावर. जळकं ऑइल आणि डिझेल. आम्ही कमानपाट्यांवर दर दिवाळीआधी मारायचो.

भाची : पाट्यांवर, मामा. लोखंडावर. हे रबर आहे. पेट्रोलियमचं तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं. करकर दोन महिने थांबेल आणि बुश कायमचा जाईल.

मामा : फियाटला, अँबेसिडरला ग्रीसच्या निपला होत्या. गन लावून दर महिन्या-दोन महिन्यांनी भरायचो. गाडी मुकी चालायची.

भाची : त्यांच्यात लोखंडावर लोखंड फिरायचं, म्हणून ग्रीस. इथे निपलच नाही. रबर घसरत नाही, पिळतं. मी साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली आणि एकेक बुश ओला करून गाडी दाबून बघितली. मागच्या आडव्या बीमचा उजवा बुश भिजवला की करकर थांबते. म्हणजे सापडला. आता सिलिकॉनचा स्प्रे मारून बघेन. तो रबराला चालतो. पण तो इलाज नाही, तात्पुरतं आहे. पुढे तो बुश बदलावा लागेल.

मामा : पाण्याची बाटली?

भाची : हो. झाडांना मारतो ती.

मामांनी ती बाटली हातात घेऊन बघितली. कार्यशाळेत हे का सुचलं नाही, असं काहीसं पुटपुटले. त्यांच्या बाजूने सांगायचं तर बस पाण्याने नव्हे, चिखलाने भिजलेली असे आणि आजूबाजूला चार हातोडे चालू नसते तरच करकर कशाची ते ऐकायला जमलं असतं.

रविवारी डावी-उजवी दोन्ही लिंका बदलल्या. दोन्ही, कारण दोन्हींचं वय सारखंच. पुढची दोन्ही चाकं घोड्यांवर सारख्या उंचीला होती, त्यामुळे सळईला पीळ नव्हता आणि नवीन लिंक हाताने भोकात गेली. उजवीकडच्या वरच्या नटाने अख्खी दुपार खाल्ली. जुनी डावी लिंक बाहेर आल्यावर तिचा गोळा बोटाने लटलट हलत होता. गाडी घोड्यांवर होतीच, म्हणून मामांनी चाक वर-खाली, घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी धरून हलवलं. किंचित हललं. भाचीला आत बसून ब्रेक दाबायला सांगितला, परत हलवलं. तरी हललं. म्हणजे बेअरिंग नव्हे. मग टॉमी, म्हणजे उचकायचा लोखंडी दांडा, घेऊन लोअर आर्म आणि चाकाच्या मधे हलकेच उचकून बघितलं. डाव्या बॉल जॉइंटच्या रबराला खालून चीर होती.

मामा : हा गप्प होता बघ.

भाची : आणि त्या कागदात लोअर आर्म होता.

मामा : दोन्ही बाजूंचे होते. एकच गेलाय. पण होता, खरं आहे.

भाची : मी करते. तुम्ही शेजारी उभे राहा. बोल्ट खाचेतून गेला की नाही ते तुम्ही बघा.

मामा : नाही.

भाची : मग तुम्ही करा.

मामा : माझी नजर आता तेवढी नाही. आर्म तू नाना पेठेतून आण, चांगल्या कंपनीचा, पावतीसकट. बसवायला त्या गॅरेजवाल्याकडेच दे. पण गाडी टाकून ऑफिसला जायचं नाही. तिथे उभी राहा. बोल्ट तो हवेत आवळायला लागला की सांग, आधी खाली घे.

भाची : ऐकेल तो? बाईने सांगितलेलं?

मामा : न ऐकला तर म्हण, बुश वर्षात फाटला तर परत तुझ्याकडेच आणणार, मजुरी न देता. ती भाषा त्याला कळते. आणि अलाइनमेंटचे पैसे त्याला आधी देऊ नकोस. आर्म बसल्यावर गाडी थोडी चालव, ब्रेक मार, रिव्हर्स घे, ते धप्प गेलं का बघ. नाही गेलं तर इंजिनचं माउंटिंग बघायचंय. मग अलाइनमेंट.

भाची : माउंटिंग मात्र मी बघणार.

मामा : बघ. बघायला कोण नको म्हणतंय?